बारावा मासा

लिएपायातला वारा दार वाजवत नाही, थेट आत येतो.
बंदराकाठच्या आमच्या ऑफिसात सगळे नकाशे चाळून जातो.
मी खिडकीच्या फटीत जुनं वर्तमानपत्र कोंबते
आणि पुन्हा किल्ल्यांकडे वळते.

लोखंडाच्या नव्हेत. पंचवीस अक्षरांच्या,
पाच-पाचांचे पाच घोळके, मध्ये आडव्या रेघा.
हे काम माझं नव्हतं. मी पगारपत्रकं करते.
पण एकदा प्रिंटरात अडकलेला कागद मी ओढून काढला
आणि झिग्मार्स म्हणाला, "तुला यातलं कळतं."
तेव्हापासून कळतं.

अकरा कॉम्प्युटर. नावं माशांची, कुणा जुन्याची हौस:
मेन्त्सा, बुते, झुतिस, असारिस…
जहाजदुरुस्तीचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या मात्र नऊ.
आइया पोराला आणायला निघाली
की तिची सोडवायची, तालिवाल्दिसला लावायची,
तो सिगरेट ओढायला उतरला की डाइनाला.
एका पांघरुणात तिघांनी कूस बदलावी
तसं आमचं काम चालतं.

बुतेच्या पोटावरचं स्टिकर तापून तापून विटलंय.
हे शून्य की ओ? बी की आठ?
मी भिंग धरते, श्वास धरते.
तीनदा चुकलं की तासभर कुलूप,
आणि तासभर सगळे माझ्याकडे बघतात,
जणू अक्षरं मीच पुसली.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं. तपासणी.
कोणती किल्ली कुठे, कधीपासून, शुक्रवारच्या आत.
मी पहिल्यांदाच अख्खी यादी उघडली.
आठ मासे ओळखीचे.
नववं नाव: विर्तुवे.

विर्तुवे हा मासा नव्हे.
आमच्याकडे विर्तुवे म्हणजे स्वयंपाकघर.

वापर: रात्री दहा ते पावणेदोन. रोज. रविवार धरून.

हसू आलं. मग ते कुठेतरी गेलं.
विल्निस.
फेब्रुवारीत त्याला कमी केलं तेव्हा शेवटचा हिशेब मीच केला होता,
सव्वीस वर्षं, अधिक न घेतलेल्या रजा अकरा.
त्यानं पट्टी नेली, निवडुंगाची कुंडी नेली, दाराची किल्ली माझ्या हातात ठेवली.
दुसरी किल्ली कुणी मागितली नाही.
म्हणजे इतके महिने आम्ही आठांवर भागवतोय
आणि नववी कारोस्तात, चौथ्या मजल्यावर,
फुलाफुलांच्या मेणकापडावर,
बटाट्यांची सालं बाजूला सारून.

शेवटी उघडलेली फाइल: सुकाणू-१४.

मला जानेवारी आठवला.
त्या टगच्या सुकाणूचा आधार दोन मिलिमीटरनं कमी पडतोय,
असं तो सांगत होता. आधी हळू, मग टेबलावर हात आपटून.
झिग्मार्स म्हणाला, गिऱ्हाइकाची सही झाली, विषय संपला.
विषय चौदाव्यांदा संपतोय.
पगार नाही, विचारणारं कुणी नाही,
आणि टग तिकडे धक्क्याला बांधलेली,
खिडकीतून दिसते, वर्तमानपत्राच्या वर.

पडद्यावर चौकट: विर्तुवे काढून टाकायचं?
हो. नाही.
मागे आइया उभी, "मला मिळतेय का आज?"
"थांब जरा."

मी कंपनीची यादी भरायला घेतली.
यंत्र: विर्तुवे.
स्थिती: चालू.
जागा:
इथे हात थबकला. आमच्याकडेही आहे ना एक,
किटली, कळकट बेसिन, तीन कप.
लिहिलं: स्वयंपाकघर.
एक अक्षर खोटं नाही.

झिग्मार्सनं न वाचता सही केली.
गिऱ्हाइकाचीही तशीच झाली असणार.

त्या रात्री मी घरून यादी पाहिली, उगाच.
दहाला चार मिनिटं कमी होती.
मग आठ मासे विझलेले, आणि खाली
स्वयंपाकघर उजळलं.
सुकाणू-१५.

उद्या हे झिग्मार्सच्या टेबलावर ठेवायचं.
विचारलं कुठून आलं,
तर म्हणेन, प्रिंटरात अडकलं होतं.